डुक्कर मारून धान वाचते का?

मोहाडी तालुक्यात धान निसवले, दाणा दुधावर आला, की शेतकऱ्याची झोप उडते. रात्री रानडुकरांचा कळप बांधीत उतरतो. खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. पाणी साचलेल्या बांधीत ही जनावरे लोळतात, मुसंडीने बांध उकरतात आणि सकाळी शेताचा एक कोपरा लोळण फिरवल्यासारखा आडवा झालेला दिसतो. भंडारा जिल्ह्यात जंगल आणि शेत एकमेकांना चिकटून आहेत. तलाव आणि बोड्यांच्या काठची झुडपे डुकरांना दिवसा लपायला पुरेशी होतात. धान निघाल्यावर लाखोरी, हरभरा असतोच, आणि मग रोही येतात.

यावर पहिला उपाय सुचतो तो मारण्याचा. ऑस्ट्रेलियात कांगारूंबद्दल हेच म्हटले गेले. कॅनबेरा शहराभोवतालच्या राखीव गवताळ जमिनींवर २००९ पासून जवळजवळ दरवर्षी कांगारू मारले जातात. न मारता संख्या आटोक्यात ठेवता येईल का, हा प्रश्न तिथेही विचारला गेला, आणि त्याची उत्तरे शोधण्याचा इतिहास आपल्या धानाच्या बांधीलाही लागू पडतो.

आधी बंदुकीची गोष्ट. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगता येईल, असा उल्लेख त्याच्या तेराव्या कलमात आहे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमानुसार उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या रोही किंवा रानडुकरासारख्या जनावराला मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतो. म्हणजे ‘सरकारने डुकराला हात लावायची बंदी केली’ हे जे पारावर बोलले जाते, ते पूर्ण खरे नाही. वाट होती, पण अर्जांची आणि चकरांची होती. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने या दोन प्राण्यांसाठी ती वाट सोपी केली. त्याच सुमारास केंद्राने बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर यांना काही काळासाठी उपद्रवी ठरवले. २०१६ च्या जूनमध्ये तिथे मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही गोळ्या घालून मारण्यात आले. यावरून प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी या एकाच मंत्रिमंडळातल्या दोघांत जाहीर वाद झाला. चंद्रपुरात मारलेल्या ५३ रानडुकरांचा हिशेबही त्या वादात निघाला.

वाद दयेचा की पिकाचा, असा रंगला. त्याच्या अलीकडचा एक साधा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही: मारल्याने संख्या कमी होते का?

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत लांबलेला प्रयोग जंगलात नव्हे, मुंबईच्या रस्त्यांवर झाला. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि दर कुत्र्यामागे पैसे मिळू लागले. त्याविरुद्ध १८३२ च्या जूनमध्ये पारशी समाजाने शहर बंद पाडले. त्या दंगलीनेही मारणे थांबले नाही. महापालिका १९९४ पर्यंत कुत्री मारत होती. शेवटच्या दहा वर्षांत सुमारे साडेचार लाख कुत्री मारली गेली, असे या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्था सांगतात. कुत्री काही संपली नाहीत. उकिरडे तेवढेच राहिले, आणि रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येऊन व्यायली. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नसबंदीचा मार्ग धरायला सांगितले. २००१ मध्ये केंद्राने सगळ्या देशासाठी तसे नियम केले, आणि २०२३ मध्ये ते नव्याने आले. नसबंदीची अट मात्र कडक आहे. एका भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांची शस्त्रक्रिया झाली तरच संख्या उतरू लागते. तीस-चाळीस टक्क्यांवर काम थांबले, की झालेला खर्च पाण्यात. बहुतेक शहरांत नेमके तेच झाले.

रानडुकराचे गणित कुत्र्याहून अवघड आहे. डुकरीण चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज देते. हे वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. समजा, कळपात २० डुकरे आहेत, त्यांत १० माद्या. प्रत्येकीला ५ पिल्ले झाली आणि निम्मी जगली. मोठ्या डुकरांचे मरण सोपेपणासाठी सोडून देऊ. काहीच केले नाही तर वर्षाने ४५ डुकरे. निम्मा कळप मारला तर उरलेल्या ५ माद्या वर्षात कळप २२ वर आणतात, म्हणजे होता त्याहून दोन जास्तच! न मारता ७ माद्यांची प्रजोत्पत्ती थांबवली तर वर्षाने २७. पुढच्या वर्षी नव्याने काहीच केले नाही, तर मारलेला कळप ४९ वर जातो आणि दुसरा ४२ वर. मुलांना हे आकडे बदलून पाहू द्यावेत. बंदूक पहिल्या वर्षी जिंकते, पुढे मागे पडते, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. उपाय एकदा करून सोडला तर दोन्ही हरतात, हेही दिसेल.

शिवाय शिकारीचा दाब वाढला की डुक्करही बदलते. फ्रान्समधल्या एका जंगलात २२ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पिल्ले जन्मण्याचा काळ हळूहळू सुमारे १२ दिवस अलीकडे सरकलेला आढळला. लवकर जन्मलेली मादी शिकारीच्या हंगामापूर्वी वाढते आणि लवकर विते. आपल्याकडे डुकराचा खरा शिकारी होता वाघ. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या काळात भारतात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले, आणि त्यांतल्या कित्येकांसाठी सरकारने बक्षिसे मोजली होती.

प्रजोत्पत्ती थांबवणाऱ्या लसीचा इतिहास १९८८ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरील आसाटीग बेटावर सुरू होतो. जे किर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मोकाट घोड्यांना बाणातून लस टोचली. मादीच्या बीजांडाभोवतीच्या आवरणाविरुद्ध तिच्याच रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, आणि शुक्रजंतू बीजांडाला चिकटू शकत नाही. १७५ च्या घरात गेलेला कळप पुढे शंभराखाली आला. पण सावकाश, कारण बाळंतपणाचा ताण टळलेल्या घोड्या पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वर्षे जगू लागल्या! बेट लहान होते आणि प्रत्येक घोडी अंगावरच्या खुणांवरून ओळखता येत होती, हेही विसरू नये.

गंमत अशी, की त्या लसीतले प्रथिन डुकरिणीच्या अंडाशयातून काढलेले असते. डुकराच्या शरीराला ते परके नाही, म्हणून डुकरावर ही लस चालत नाही. नंतर दुसरी लस आली. ती मेंदूतून सुटणाऱ्या प्रजननाच्या संप्रेरकालाच अडवते. कॅनबेरात कांगारूंना हीच टोचतात. इंग्लंडमध्ये जोव्हाना मासेई यांच्या गटाने ती बंदिस्त रानडुकरांना एकदाच टोचली, तेव्हा बहुतेक माद्यांना चार ते सहा वर्षे पिल्ले झाली नाहीत. पण जंगलात डुकराला पकडून टोचणार कोण? म्हणून आमिषातून लस देता यावी यासाठी त्यांनी एक साधन केले: खांबावर सरकणारा जड लोखंडी शंकू. तो मुस्कटाने उचलून खालचे खाणे फक्त डुकरालाच जमते. साधन तयार आहे, तोंडावाटे देण्याची लस अजून पक्की झालेली नाही.

तोवर मोहाडीच्या शेतकऱ्याच्या हाती उरते ते कुंपण, आणि तिथे जीव जातो तो तारेच्या चुकीने. खांबावरची वीज थेट तारेत सोडली की २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो. स्नायू आखडतात, पकड सुटत नाही. २०१७ मध्ये नागभीडजवळ श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेने मेला, आणि माणसेही मरतात. सौर कुंपणात दाब काही हजार व्होल्टचा असतो, पण झटका सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता, साधारण सेकंदातून एकदा. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळते. एकट्याने लावले तर कळप शेजाऱ्याच्या बांधीत शिरतो, म्हणून दहा-वीस शेतांना मिळून एकच वेढा घालणे बरे. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, आणि ओले गवत तिला टेकले की वीज जमिनीत मुरते. ते गवत भाद्रपदात आठवड्यात हातभर वाढते.