हिमाखालचा तळ

उत्तर ध्रुवाभोवती भूमी आहे की जल, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत विद्वानांत एकमत नव्हते. जल असलेच तर ते उथळ असावे, असे नॉर्वेचे संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांनाही वाटे. सायबेरियाच्या उत्तरेस १८८१ साली बर्फात चिरडलेल्या ‘जॅनेट’ जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लागले. त्यावरून ध्रुवसमुद्रातून एक प्रवाह वाहत असला पाहिजे, हे नान्सेन यांनी ताडले आणि १८९३ साली आपले ‘फ्राम’ जहाज त्यांनी बुद्ध्याच बर्फात अडकवून घेतले.

जहाज बर्फाबरोबर वाहू लागले आणि खोली मोजण्याची दोरी अपुरी पडली. तेव्हा खलाशांनी जहाजावरचा पोलादी दोर उकलून त्याच्या तारांची नवी, लांब दोरी वळली. तीन हजार मीटरांहूनही खाली गेल्यावर तिला तळ लागला. उथळ समुद्राची कल्पना त्या दिवशी संपली.

तथापि एका जहाजाची वाट म्हणजे संपूर्ण समुद्र नव्हे. नान्सेन यांना हे एकच विशाल खोरे वाटले होते. १८९६ साली ‘फ्राम’ बर्फातून मुक्त झाले. त्यानंतर अर्धशतकाने, १९४८ मध्ये, सोव्हिएत संशोधकांना बर्फाखाली एक पर्वतरांग आढळली. सायबेरियाकडून ध्रुवाजवळून ग्रीनलंड-कॅनडाकडे गेलेली ही रांग सुमारे १,८०० किलोमीटर लांब आहे. तिला अठराव्या शतकातील रशियन पंडित लोमोनोसोव्ह यांचे नाव मिळाले. तिच्या युरोपकडील अंगास नान्सेन व आमुंडसेन ही खोरी आहेत, तर अमेरिकेकडील अंगास माकारोव्ह व कॅनडा ही खोरी.

ही रांग मुळात युरेशिया खंडाच्या कडेचा तुकडा असून कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथून विलग झाली, असे भूशास्त्र सांगते. हीच गोष्ट पुढे राजकारणात येऊन पोहोचली. कारण सागरी कायद्यानुसार, समुद्रतळ हा आपल्याच भूखंडाचा विस्तार आहे असे सिद्ध करणाऱ्या किनारी राष्ट्राला दोनशे सागरी मैलांपलीकडील तळावरही हक्क सांगता येतो. रशियाने २००१ साली, डेन्मार्कने २०१४ साली आणि कॅनडाने २०१९ साली आपापली मागणी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडली. दरम्यान २००७ साली रशियन पाणबुड्यांनी ध्रुवाखाली, चार हजारांहून अधिक मीटर खोल, आपला ध्वज रोवला.

परंतु ध्वजाने हक्क सिद्ध होत नाही. आयोग पुरावा पाहतो तो खोलीचा आणि खडकाचा. आणि परस्परांत मिसळणाऱ्या सीमा शेवटी त्या राष्ट्रांनाच सामोपचाराने ठरवाव्या लागतात. तळ किती खोल आहे, हा नान्सेन यांचा प्रश्न केवळ ज्ञानाचा होता. आज त्याच प्रश्नाच्या उत्तरावर राष्ट्रांच्या सीमा अवलंबून आहेत.