ऐरण : जबड्यातून कानात आलेलं हाड

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. गंमत म्हणजे आजचा विषय ऐकण्याचाच आहे.

मागच्या वर्षी माझ्या आईच्या कानाचं ऑपरेशन झालं. कान वाहण्याचा जुना त्रास होता. डॉक्टर म्हणाले, "आतली ऐरण झिजलीय, म्हणून आवाज पुढे जात नाही." हातोडी, ऐरण, रिकीब ही नावं शाळेत पाठ केलेली होती, पण त्यापुढे काही आठवेना. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचायला लागलो आणि थेट 1837 सालच्या जर्मनीत जाऊन पोचलो.

त्याआधी थोडी ओळख करून घेऊ. सरडा घ्या किंवा मगर घ्या, तिच्या खालच्या जबड्यात बरीच हाडं जोडलेली असतात. मधल्या कानात मात्र आवाज पोचवणारं मुख्य हाड एकच, म्हणजे आपली रिकीब. आपलं नेमकं उलटं आहे. खालच्या जबड्यात एकच हाड आणि कानात तीन. मग जबड्यातली हाडं गेली कुठे, आणि कानातली दोन आली कुठून?

1837 मध्ये कार्ल राइशर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने डुकराचे गर्भ तपासले. गर्भाच्या जबड्यात एक कूर्चा असते, तिला मेकेलची कूर्चा म्हणतात. तिच्या मागच्या टोकापासून कानातली हातोडी तयार होते, असं त्याला दिसलं. सरड्यामध्ये याच जागी जबड्याचा सांधा असतो. म्हणजे आपली हातोडी आणि ऐरण ही सरड्याच्या जबड्याच्या बिजागरीची दोन हाडं. डार्विनचं पुस्तक यायला अजून 22 वर्षं होती, हे लक्षात घ्या. राइशर्टने उत्क्रांती सिद्ध करायला हे केलं नव्हतं. समोर दिसलं ते त्याने मांडलं.

पुढे यावर एक आक्षेप आला आणि तो चांगला आक्षेप आहे. बिजागरीच काढून कानात बसवायची, तर मधल्या काळात तो प्राणी खाणार कसा? अर्धवट जबडा घेऊन कोण जगेल?

आमच्या कामात हा प्रश्न रोजचा आहे. जुनी सिस्टम बंद करून नवी लावू म्हटलं तर ग्राहक बोंब मारतो. मग आपण काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालवतो. नवीवर सगळा भार आला की जुनी मोकळी होते.

जीवाश्मांनी हेच उत्तर दिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्राण्याला 1958 मध्ये डायआर्थ्रोग्नॅथस असं नाव दिलं गेलं. त्याचा अर्थच मुळी 'दोन सांध्यांचा जबडा'. वेल्समध्ये सापडलेला चिचुंदरीएवढा मॉर्गनुकोडॉन साधारण 20 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्याही जबड्यात जुना आणि नवा असे दोन्ही सांधे होते. दात असलेलं पुढचं हाड पिढ्यान्‌पिढ्या मोठं होत कवटीला भिडलं आणि चावण्याचा भार त्याने उचलला. मागची हाडं बारीक होत गेली, आणि बारीक हाड उंच स्वर चांगला पोचवतं. 2007 मध्ये चीनमधून यानोकोनोडॉन समोर आला. त्याची कानातली हाडं कानाच्या कामाला लागली होती, पण एका दांडीने अजून जबड्याला जोडलेली होती.

आता कुणी विचारेल, जबड्याच्या हाडाला ऐकायचं कसं जमलं? तर त्याचा ऐकण्याशी संबंध आधीपासूनच होता. सापाला कानाचा पडदा नसतो. जमिनीची कंपनं त्याच्या खालच्या जबड्यातून, याच जुन्या बिजागरीच्या हाडांमधून, आतल्या कानापर्यंत जातात.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. सस्तन प्राणी सरड्यांपासून झाले, असं आपण सहज म्हणून जातो. ते बरोबर नाही. 30 कोटी वर्षांहूनही आधी दोन्ही वाटा एका पूर्वजापासून वेगळ्या झाल्या. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन मुलांच्या खेळण्यांत डायनासोर म्हणून विकला जातो, पण तो आपल्या बाजूचा नातेवाईक आहे. म्हणजे सरडा आपला आजोबा नाही, लांबचा चुलत भाऊ. आपल्या पूर्वजाचा जबडा कसा होता याची खूण त्याने जपून ठेवली, एवढंच.

आईच्या कानात आता ऐरणीच्या जागी टायटॅनियमचा बारीक तुकडा आहे. पट्टी निघाल्यावर मी तिला ही सगळी कथा सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी जबड्याने ऐकत होते?" मग थोडं थांबून, "आणि जरा हळू बोल, आता ऐकू येतं मला."

तर मंडळी, कान आणि जबडा दोन्ही सांभाळा. पुढच्या भागात भेटूच.