जुन्या नावाचं कार्ड

अमेरिकेत खेळाडूंची छायाचित्रं छापलेली छोटी कार्डं जमवण्याचा छंद जुना आहे. खेळाडू व्यावसायिक लीगमध्ये आला की त्याचं जे पहिलं कार्ड निघतं, त्याला ‘रूकी कार्ड’ म्हणतात. सगळा बाजार त्याच्याभोवती फिरतो. मायकल जॉर्डनचं फ्लीअर कंपनीचं १९८६चं कार्ड चांगल्या स्थितीत असेल तर लाखो रुपयांना जातं. पण १९९०-९१च्या हंगामातलं एक रूकी कार्ड आजही किरकोळ किमतीत मिळतं. त्यावर नाव आहे, ख्रिस जॅक्सन.

हा मिसिसिपीच्या गल्फपोर्टचा मुलगा. त्याला टुरेट सिंड्रोम होता. शरीराला अचानक झटके बसत. तरीही १९९०च्या निवडीत डेन्व्हर नगेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. १९९१मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि १९९३मध्ये नाव बदलून महमूद अब्दुल रऊफ केलं. रऊफ म्हणजे करुणाळू, अब्दुल रऊफ म्हणजे त्या करुणाळू अल्लाहचा बंदा. १९९३-९४मध्ये त्याने २२९पैकी २१९ फ्री थ्रो टाकले. फेब्रुवारी १९९६मध्ये जॉर्डनच्या शिकागो बुल्सची सलग १८ विजयांची मालिका नगेट्सने तोडली, तेव्हा त्याचे ३२ गुण होते.

पुढच्याच महिन्यात सगळं फिरलं. राष्ट्रगीताला उभं राहण्यास त्याने नकार दिला होता. अमेरिकेचा झेंडा अनेकांसाठी जुलमाचंही प्रतीक आहे, अशी त्याची भूमिका होती. लीगने त्याला निलंबित केलं. एका सामन्यानंतर तडजोड झाली: उभं राहायचं, पण मान खाली घालून दुआ मागायची. त्याच उन्हाळ्यात नगेट्सने त्याला सॅक्रामेंटोला देऊन टाकलं. १९९८मध्ये, ऐन उमेदीत, तो लीगबाहेर गेला. २०००-०१मध्ये व्हँकुव्हरकडून एक हंगाम खेळला, तोच शेवटचा.

मग संग्राहक या कार्डाकडे वळत का नाहीत? पहिलं कारण सरळ आहे. त्या वर्षांत कंपन्यांनी कार्डं भरमसाठ छापली, म्हणून ती दुर्मीळ नाहीत. दुसरं, बाजार अजिंक्यपदं आणि दीर्घ कारकीर्द मोजतो. इथे कारकीर्दच अर्ध्यात तुटली. तिसरं कारण नावाचं. महमूद अब्दुल रऊफ शोधणाऱ्याला ख्रिस जॅक्सन सापडत नाही आणि ख्रिस जॅक्सन पाहणाऱ्याला तो कोण झाला हे ठाऊक नसतं. शाळेत शिकवताना मी पाहतो, दाखल्यावर एकदा चढलेलं नाव माणसाचा पाठलाग सोडत नाही. कार्डाचंही तसंच.

२०१६मध्ये कॉलिन केपरनिकने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला, तेव्हा लोकांना वीस वर्षांपूर्वीचा रऊफ आठवला. कार्डाचा भाव यापुढे वाढेल की नाही, यात मला रस नाही. नव्या नावाचीही त्याची कार्डं निघाली आहेत. ती या रूकी कार्डाशेजारी ठेवली, तरच माणूस पूर्ण दिसतो.