मेडिकेड आणि व्यसनोपचार

मेडिकेड : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अल्प उत्पन्न गटासाठीची सरकारी आरोग्यविमा योजना. स्थापना १९६५. खर्च केंद्र सरकार व घटक राज्ये मिळून उचलतात. कारभार राज्यांकडे असतो. दारू व अमली पदार्थांच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या गरिबांचा हा मुख्य आधार आहे.

पात्रता : पूर्वी मुख्यतः मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व अपंग यांना प्राधान्य होते. मुलेबाळे नसलेला धडधाकट प्रौढ कितीही गरीब असला, तरी बहुतेक राज्यांत वगळला जाई. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना योजना खुली केली आणि त्यांच्यासाठी व्यसनोपचार आवश्यक लाभांत धरले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक ठरवला. २०१४ पासून तो अमलात आला. टेक्सस व फ्लॉरिडा यांनी तो स्वीकारला नाही.

औषधोपचार : ओपिऑइडच्या (अफूजन्य व तत्सम अमली पदार्थांच्या) व्यसनात मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे मृत्यूचा धोका लक्षणीय घटवतात. व्यसनावरील मेथाडोन परवानाधारक केंद्रांतूनच मिळते. रुग्णाला दीर्घकाळ रोज पहाटे खिडकीशी रांग लावून, परिचारिकेसमोर मात्रा गिळून मग कामावर पळावे लागे. २०२४ च्या नियमांनी औषध घरी नेण्याची मुभा वाढवली. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी जिभेखाली ठेवून घरीच घेता येते. ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारा खास परवाना २०२२ अखेर रद्द झाला. २०१८ च्या सपोर्ट कायद्यान्वये २०२० पासून ही औषधे योजनेत देणे राज्यांना बंधनकारक आहे. तरीही पूर्वपरवानगीची अट आली, की चिठ्ठी औषधदुकानात अडकते. नशा थांबल्यावरचा त्रास (विथड्रॉवल) सोसणाऱ्या रुग्णाला दोन दिवसही फार होतात. तो पुन्हा फेंटानिल या तीव्र ओपिऑइडकडे वळला, तर हा विलंब जिवावर बेततो.

निवासी उपचार : १६ हून अधिक खाटांच्या मनोविकार व व्यसनोपचार संस्थांतील २१ ते ६४ वयाच्या रुग्णांचा खर्च केंद्र सरकार सहसा देत नाही. अनेक राज्यांनी त्यातून सवलत मिळवली आहे.

परिणाम : विस्तार झालेल्या राज्यांत ब्युप्रेनॉर्फिनचा वापर वाढला. अतिमात्रेच्या मृत्यूंवरील परिणामाबाबत अभ्यासकांत एकमत नाही.

नवी अट : जुलै २०२५ च्या कायद्याने विस्तारातील प्रौढांना २०२७ च्या आरंभापासून महिन्याला ८० तास काम वा तत्सम उपक्रमाची अट घातली. व्यसनविकार असलेल्यांना सूट आहे. मात्र तिच्यासाठी निदानाची नोंद हवी आणि निदानासाठी आधी डॉक्टर गाठायला हवा. उपचार चालू असलेल्यांना तरी राज्यांनी स्वतःकडील नोंदींवरूनच सूट द्यावी. आजारी माणसाला कागदांसाठी फिरवू नये.