सोपाऱ्यात मागे राहिलेला

एप्रिल 1321. तुम्ही ठाण्यात, एका सीरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या ओसरीवर बसला आहात. घरात चार परदेशी पाहुणे उतरले आहेत: तोलेंतीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. फ्रान्सिस्कन संघाचे हे चौघे निघाले होते चीनला. वाऱ्याने जहाज या किनाऱ्याला आणून लावले. पाचवे सोबती, डोमिनिकन धर्मगुरू जॉर्दानुस, पुढे गेले आहेत. सोपाऱ्यावरून भडोचच्या दिशेने, आजचे पालघर, तारापूर, डहाणू ज्या किनाऱ्यावर आहेत त्या बाजूला. तिकडच्या विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांना बाप्तिस्मा द्यायचा आहे.

अशात घरात भांडण पेटते. यजमान बायकोवर हात उचलतो. ती काजीकडे दाद मागते आणि साक्षीला पाहुण्यांची नावे सांगते. पीटर सामान राखायला थांबतात, बाकीचे तिघे जातात. भांडणाची साक्ष राहते बाजूला, चौकशी श्रद्धेवर घसरते. मोघम बोलून सुटता आले असते. थॉमस मोघम बोलत नाहीत. 9 तारखेला, झावळ्यांच्या रविवाराआधीच्या गुरुवारी, तिघांना ठार केले जाते. 11 तारखेला पीटरनाही.

गोष्ट सांगणारे बहुधा इथे थांबतात. तुम्ही थांबू नका.

जॉर्दानुस परततात तेव्हा सगळे उरकलेले आहे. एका जिनोव्हाच्या तरुणाच्या मदतीने ते मृतदेह सोपाऱ्याला आणतात. तुम्हीही हात लावा. चैत्र-वैशाखाची तापलेली जमीन; पहिले घाव वरच्यावर उडतात, हातभर खाली गेल्यावर ओलसर काळी माती लागते. नाकातोंडावर फडके बांधल्याशिवाय जवळ उभे राहवत नाही. प्रार्थना लॅटिनमध्ये चालली आहे. तुम्हाला त्यातला शब्द कळत नाही, तरी पाय निघत नाही. गावाबाहेर गवताने झाकलेला एक उंचवटा दिसतो. त्याच्या पोटात बौद्ध स्तूप आहे, तो पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी 1882 मध्ये उकलतील.

खड्डा बुजला. आता जॉर्दानुस यांच्याकडे बघा. जिथून आले त्या इराणकडे ते परत फिरले असते तर कुणी नावे ठेवली नसती. ते फिरत नाहीत. ऑक्टोबरात घोघा बंदरातून इराणमधल्या बांधवांना पत्र धाडतात: ठाणे ते सोपारा या टापूत 35 जणांना बाप्तिस्मा दिला, आणखी माणसे पाठवा. पुढच्या पत्रात स्वतःचे हाल येतात. चाच्यांनी पकडले, तुरुंगात टाकले, शिव्याशाप दिले; अंगावर संघाचा झगाही उरला नाही, नुसत्या सदऱ्यावर दिवस काढले. तरीही ते या किनाऱ्यावर टिकून राहतात. 1329 मध्ये पोप त्यांना कोल्लमचे बिशप नेमतात. चौघांच्या अस्थी तोवर सोपाऱ्यात उरलेल्याही नाहीत. ओदोरिको नावाचे फ्रान्सिस्कन प्रवासी त्या चीनला घेऊन गेले आहेत.

ख्रिस्ती श्रद्धेत तारणासाठीचे बलिदान एकच, क्रूसावरचे. ते पुन्हा कुणी करायचे नसते. आपल्या वाट्याला येते ते मिस्साबलिदानात भाकरी आणि द्राक्षरसाबरोबर आपले जगणे वेदीवर ठेवणे, आणि चर्चबाहेर पडल्यावर ते परत मागून न घेणे. त्या चौघांनीही मरण शोधले नव्हते. समोर आले तेव्हा सत्य सोडले नाही, एवढेच. त्यांचे रक्त एकदा सांडले. जॉर्दानुस यांना मात्र रोज सकाळी उठून तेच देणे नव्याने द्यावे लागले, आणि त्याला टाळी वाजवणारे कुणी नव्हते. माझ्या लेखी हे देणे तसूभरही कमी नाही.

म्हणून येत्या उपवासकाळात ठाण्याच्या चौघांबरोबर पाचव्याचेही स्मरण करा. मग आपल्या आळीत नजर टाका. अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे उस्तवार करणारी सून तिथे आहे. बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळी करून धाकट्या भावंडांची फी भरणारा पोरगा आहे. त्यांचेही बलिदानच आहे. ती माणसे हयात आहेत तोवर त्यांना तसे सांगा, आणि त्यांच्या ओझ्याला एक हात लावा.