नोटीस बजावण्याचा अखत्यार

बंदरात उतरलेल्या मालावर जकात घेण्याचा सरकारचा हक्क व्यापाऱ्याने सहसा नाकारलेला नाही. त्याचा तंटा चालत आला आहे तो या प्रश्नावर की, माल तपासून, शुल्काचा भरणा करून घेऊन आणि तो गोदीबाहेर जाऊ देऊन एकदा मिटवलेला हिशेब पुन्हा उघडण्याचा अखत्यार कोणत्या अंमलदाराला, आणि किती मुदतीपर्यंत, असावा. १८७८ च्या सागरी जकातीच्या कायद्याने, चूक व्यापाऱ्याने दिलेल्या वर्णनातली असो की खुद्द जकात अधिकाऱ्यांच्या अनवधानाची असो, कमी आकारलेली रक्कम मागण्यास तीन महिने दिले होते. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या २८ व्या कलमाने हाच विषय अधिक विस्ताराने हाती घेतला, संगनमत किंवा वस्तुस्थिती दडवण्याच्या आरोपासाठी पाच वर्षांची मुदत ठेवली, आणि नोटीस काढणारा ‘उचित अधिकारी’ असला पाहिजे, अशी अट घातली.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ईस्ट इंडिया कमर्शियल कंपनीच्या दाव्यात जो निकाल दिला, तो या साऱ्या इतिहासाचा पाया मानावा असे मला वाटते. कलकत्त्याच्या या कंपनीने अमेरिकेतून विजेचे दिवे व त्यांचे साहित्य आणले होते, आणि तो माल आपल्याच कारखान्यात वापरावा, विकू नये, ही परवान्यातली अट तिने मोडली, असा तिच्यावर आरोप होता. फौजदारी खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने परवान्याच्या अटीचा भंग म्हणजे आयातबंदीच्या हुकुमाचा भंग नव्हे असा अर्थ लावला असतानाही, जकातीच्या कलेक्टरांनी १९५५ साली त्याच कारणावरून माल जप्त का करू नये, अशी नोटीस बजावली. नोटिशीला आधी उत्तर द्यावे, मग वाटल्यास अपील करावे, हा सरकारी पक्ष वरकरणी रास्त दिसतो, परंतु न्या. के. सुब्बा राव यांनी बहुमताच्या निकालपत्रात असे ठरवले की, मुळात अधिकारच नसताना सुरू झालेली कारवाई आरंभीच रोखता येते, आणि ज्या उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली अधिकारी काम करतो, त्याने सांगितलेला कायदा डावलून त्याला चौकशी आरंभता येत नाही. बलाढ्य खात्यासमोर एकट्या पडलेल्या व्यापाऱ्याला याहून मोठा आधार क्वचितच मिळाला असेल.

पुढे वाद अंमलदाराच्या ओळखीवर आला. मुंबईच्या प्रतिबंधक शाखेने काढलेल्या नोटिशीच्या प्रकरणात, ज्याच्याकडे आकारणीचे काम विशेषत्वाने सोपवले आहे तोच उचित अधिकारी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले; त्याच वर्षी संसदेने पूर्वीच्या नोटिसा वाचवण्यासाठी, ६ जुलै २०११ पूर्वी नेमलेले सर्व सीमाशुल्क अधिकारी पहिल्यापासूनच उचित अधिकारी होते असे मानण्याची तरतूद केली. ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली, तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली तिचा आधार पुरेसा मानला नाही. तेव्हा एकाच कायद्याखाली दोन शहरांतल्या आयातदारांचे नशीब निराळे ठरले, आणि ही विषमता मला कोणत्याही करापेक्षा अधिक जाचक वाटते.

१९५७ पासून तस्करी आणि करचुकवेगिरीचा माग काढीत आलेल्या महसूल गुप्तवार्ता संचालनालयाची पाळी कॅनन इंडियाच्या कॅमेऱ्यांमुळे आली. २०१२ साली शुल्कमाफी देऊन सोडलेल्या या मालाबद्दल संचालनालयाने २०१४ साली नोटीस काढली. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने ९ मार्च २०२१ रोजी ती अवैध ठरवली, कारण पहिली आकारणी ज्या अधिकाऱ्याने केली, त्याला किंवा त्याच्या पदावरील उत्तराधिकाऱ्यालाच ती पुन्हा तपासता येते, असे पीठाचे मत पडले. त्या आधारावर देशभर अशा नोटिसांना आव्हाने उभी राहिली. २०२२ च्या वित्त अधिनियमाने अधिकाऱ्यांचे वर्ग नव्याने सांगून जुन्या नोटिसांना वैधता दिली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने पुनर्विलोकनात आधीचा निर्णय फिरवला: ६ जुलै २०११ च्या अधिसूचनेने संचालनालयाच्या अधिकाऱ्यांकडे हे काम सोपवले होते, ती अधिसूचना पूर्वी विचारात घेतली गेलीच नव्हती, असे त्यांनी दाखवून दिले. ज्यांची सुटका केवळ अधिकाराच्या मुद्द्यावर झाली होती, त्यांना अपिलासाठी आठ आठवड्यांची मुदत मिळाली, आणि मालाचे वर्गीकरण व माफीचा हक्क हे वादाचे मूळ विषय वर्षानुवर्षे मागे राहून आता कोठे सुनावणीला आले.