आकडा कोणी मोजला?

‘१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी विमान उडवले’ हे वाक्य आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. मुले ते पाठ करतात, गाळलेल्या जागाही भरतात. पण विज्ञानाच्या तासाला अधिक उपयोगी पडेल अशी घटना त्याआधी दोन वर्षे घडली होती.

विल्बर व ऑर्व्हिल राइट हे अमेरिकेतील डेटन गावचे सायकलदुकानदार. १९०१ च्या उन्हाळ्यात किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर ते आपला दुसरा ग्लायडर घेऊन गेले. त्याचे पंख त्यांनी अंदाजाने बनवले नव्हते. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने प्रसिद्ध केलेली कोष्टके वापरून रीतसर गणित केले होते. लिलिएन्थालने ग्लायडरने सुमारे २,००० उड्डाणे केली होती. १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून त्याचा मृत्यू झाला. इतक्या अनुभवी माणसाचे आकडे हाताशी असूनही पंखांना मिळणारी उचल अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश भरली.

आता काय करायचे? पुस्तकातले आकडे स्वतः मोजून पाहायचे असे दोघांनी ठरवले.

प्रथम त्यांनी सायकलच्या हँडलपुढे एक तिसरे चाक आडवे बसवले. त्याच्या कडेला एक सपाट पट्टी आणि एक वक्र पंखाचा तुकडा लावला. सायकल जोरात चालवली की समोरचा वारा दोन्हींवर आदळे. कोष्टके बरोबर असती, तर दोन्हींचा जोर सारखा होऊन चाक स्थिर राहायला हवे होते. ते फिरले! शंका बळावली, पण नेमका आकडा काही मिळेना.

मग त्यांनी सुमारे १.८ मीटर लांबीची एक लाकडी पेटी बनवली आणि तिच्यात एका टोकाने पंख्याचा वारा सोडला. आत ठेवायचा तराजू हॅक्सॉची जुनी पाती आणि सायकलीच्या स्पोकची तार यांपासून तयार केला. या पेटीत त्यांनी सुमारे २०० लहान पंख तपासले.

त्यातून दिसले ते अनपेक्षित होते. लिलिएन्थालचे आकडे त्याच्या पंखापुरते बरेचसे बरोबर होते. निराळ्या आकाराच्या पंखाला ते जसेच्या तसे लावता येत नव्हते. मुख्य दोष निघाला तो गणितातल्या दुसऱ्याच एका आकड्यात. ताशी एक मैल वेगाचा वारा एक चौरस फूट सपाट फळीवर किती दाब देतो, हे सांगणारा तो गुणांक. इंग्लंडचे नामवंत अभियंते जॉन स्मीटन यांच्या १७५९ च्या निबंधापासून तो ०.००५ पौंड असा चालत आला होता. राइट बंधूंच्या मोजमापांतून तो सुमारे ०.००३३ आला. लँग्लीसारख्या संशोधकांच्या प्रयोगांतही तो कमीच भरला होता. तरीही जुना आकडा वापरात राहिला होता.

नव्या मोजमापांवरून १९०२ चा ग्लायडर लांब आणि अरुंद पंखांचा झाला, आणि तो गणिताप्रमाणे उडाला. पुढच्या वर्षी इंजिन बसवलेले विमान १२ सेकंदांत ३६ मीटर गेले. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे, २६० मीटरचे झाले.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर असलेल्या पुण्यात पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. तापमापीवर मुलांना ते दिसते, पण प्रयोगवहीत बहुधा १०० लिहिले जाते, कारण आपण गुण १०० ला देतो. असे करताना आपण एक चांगला प्रश्न गमावतो : हे दोन अंश गेले कुठे? हवेचा दाब, उंची, तापमापीतील दोष या सगळ्यांची चर्चा तिथून सुरू होऊ शकते. पुस्तकातला प्रत्येक आकडा कोणीतरी, कुठेतरी, काही परिस्थितीत मोजलेला असतो. मुलाने वहीत ९८ लिहिले, तर ते खोडण्याआधी आपण तापमापी पुन्हा एकदा त्याच्याबरोबर पाहावी.